मुखदुर्बळ गातो तेव्हा

५ मार्च

वहिनी,

हा शब्द लिहिला, खोडला आणि पुन्हा लिहिला, म्हणून वर डाग दिसतोय. कागदांवर सह्या झाल्यापासून तू माझी वहिनी नाहीस असं सगळे म्हणतात, पण मग तू माझी कोण ते कोणी सांगत नाही. तुला नावाने मी कधी हाक मारली नाही आणि आता या वयात जीभ वळायची नाही. तेव्हा सध्या हेच चालवून घे.

मला तुझ्याकडून काही नकोय. एक बातमी आहे, ती तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना, एवढंच. तू आमच्या घरातले सगळे नंबर एका दमात बंद केलेस, त्यात माझाही गेला. सुक्याबरोबर ओलंही जळतं. तुझ्या जुन्या सरांची दातांची लॅब तिकडे आहे, तू तिथेच गेली असशील, असा अंदाज बांधून लॅबच्या पत्त्यावर हे टाकतेय. कोणी विचारलं तर सांग, कवळीची तक्रार आली आहे.

तर बातमी. आपल्या लॅम्पलाइटच्या सात कोरियन पोरांपैकी तिघांचं सबयुनिट येतंय. म्हणजे ग्रुप तोच राहणार, पण हे तिघे मिळून वेगळ्या नावाने गाणी काढणार. नाव ठेवलंय 'डस्क'. पहिलं गाणं दोन एप्रिलला. तिघे कोण ते ऐक, आणि हातात कोणाचे दात असतील तर आधी खाली ठेव. तू ठेवलेल्या टोपणनावांत सांगायचं तर गालवाला, सुतार आणि तुझा मुखदुर्बळ.

हो, तोच. रांगेत कायम शेवटी उभा राहणारा. ज्याला अख्ख्या गाण्यात चार शब्द मिळाले तरी तू मला हातातलं काम टाकून बोलवायचीस, आणि मी येईपर्यंत ते चार शब्द संपलेले असायचे.

बातमी आली तेव्हा मी दुकानात एका आजोबांच्या चष्म्यात काचा बसवत होते. फोन उजळला, मी वाचलं आणि स्क्रू हातातून निसटून टेबलाखाली गेला. मालक म्हणाले, "घरी सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "मुखदुर्बळला गाणं मिळालं." त्यांना वाटलं माझा कोणी भाचा आहे. त्यांनी अभिनंदन केलं, मीही ते घेतलं.

सातांतलं माझं शेंडेफळ यात नाही. धाकट्याला नेहमीच मागे ठेवतात. मला काही वाटलं नाही. थोडं वाटलं.

इंटरनेटवर रडारड चालू आहे. सबयुनिट काढलं म्हणजे ग्रुप फुटणार, असं जो तो सांगतोय. आईला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "सातांच्या घरात तिघांनी वेगळी चूल मांडली की पुढचं मी कशाला सांगायला हवं?" मग तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते, आणि तिने नळ मोठा सोडला.

बाकी सगळे ठीक. उत्तर पाठवायलाच हवं असं नाही.

तुझी,
(जिला तू चिडवायला जुन्या बायकांसारखं 'वन्सं' म्हणायचीस ती)

१९ मार्च

वहिनी,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पत्ता बरोबर आहे. हेही पत्र फक्त बातमीसाठी.

टीझरचे फोटो आले. तिघांना करड्या रंगाचे लांब कोट घातलेत. सुतार त्यात खरोखर सुतारासारखा दिसतो, माप घ्यायला आल्यासारखा. गालवाल्याचे पुढचे दात बदललेत असं मला वाटतंय. मागे तू म्हणाली होतीस की त्याच्या दोन कॅप बाकीच्या दातांपेक्षा जास्त पांढऱ्या आहेत आणि ज्याने केल्या त्याला समोर बसवून विचारायला हवं. आता त्या दिसत नाहीत. तू बघितलंस तर एका नजरेत सांगशील. मी नुसतीच फोटो मोठा करून बघत बसले.

दुकानात आज एक नवरी मुलगी फ्रेम निवडायला आली होती आणि मला आपली सुरुवात आठवली. तुझ्याकडेही अशीच एक आली होती, कोण्या कोरियन गायकाच्या हसण्याचा व्हिडिओ घेऊन, मला असे दात हवेत म्हणत. तू तो व्हिडिओ घरी आणलास, दातांचा अभ्यास करायला. मी शेजारी बसले, तुला सोबत म्हणून. दात बघायला गेलो आणि दोघी पार वाहून गेलो. खरी नावं जिभेवर बसेनात म्हणून तू सातांना टोपणनावं दिलीस. त्या वेळी तुला घरात येऊन फार दिवस झाले नव्हते आणि माझ्याशी तू 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलायचीस. दादाशी तर तेवढंही नाही.

मला आठवतंय, पुढे पुढे तुम्ही दोघं एका टेबलावर बसून मीठ माझ्यामार्फत मागायचात. "तिला सांग, मीठ दे." "त्याला सांग, समोरच आहे." मी हसण्यावारी न्यायचे, कारण दुसरं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. आता टेबलावर मीठ हाताशी असतं आणि कोणाला कोणाकडून काही मागावं लागत नाही. आई रेडिओ लावून जेवते.

अल्बमच्या दोन प्रती मागवल्या. बोट सवयीने दोनवर गेलं आणि मग मी ते मागे घेतलं नाही. नियम आठवतोय ना? अल्बम येतो तो डबा एकटीने उघडायचा नाही. आत कोणाचं फोटोकार्ड निघेल ते दैवावर, पण एकीच्या डब्यात दुसरीचा आवडता निघाला तर कुरकुर न करता देऊन टाकायचा. नियम मीच केला होता, कारण एकदा तू माझ्याआधी डबा उघडून शेंडेफळाचं कार्ड उशीच्या अभ्र्यात लपवलं होतंस आणि मला चहा करायला लावला होतास. नवं गाणंही पहिल्यांदा एकत्रच ऐकायचं, हे कलम तुझं. मी दुकानातून येईपर्यंत तू फोन पिठाच्या डब्यावर पालथा ठेवून त्याच्याकडे पाठ करून बसायचीस.

दोन्ही लाइटस्टिक, गाण्याला हलवायच्या त्या दिव्याच्या काड्या, माझ्या कपाटात आहेत. दादाने तुझं सामान बांधलं तेव्हा 'ही काडी कुणाची' म्हणून विचारलं. मी म्हटलं, "दोन्ही माझ्याच." त्याने माझ्याकडे बघितलं आणि खोकं बंद केलं.

बाकी ठीक. आई ठीक. मीही ठीकच आहे.

तुझी

२ एप्रिल

वहिनी,

आज मी दुकानातून लवकर निघाले. मालकांना सांगितलं, भाच्याचा कार्यक्रम आहे.

नियम मोडायला लागणार हे दिसतच होतं, तेव्हा ठरवलं, निदान माणसांत बसून ऐकावं. इथल्या चाहत्यांनी एका कॉफीच्या दुकानाचा वरचा मजला घेतला होता. भिंतीवर पडदा, पेल्यांवर तिघांचे चेहरे छापलेले. जिना चढले तर सगळी कॉलेजची पोरं. दाराशी नावं लिहून घेणारी मुलगी मला म्हणाली, "मावशी, पालकांना खाली बसायची सोय आहे." मी पिशवीतून लाइटस्टिक काढली. जुनी, पहिल्या वर्षीची, जी आता मिळत नाही. ती मुलगी उठून उभी राहिली. मला तिने पहिल्या रांगेत नेऊन बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं की मावशी जुन्या आहेत. जन्मात पहिल्यांदा जुनं असल्याचा काही उपयोग झाला.

तिथल्या पोरांचेही चेहरे पडलेले होते. एक मुलगी गाणं सुरू व्हायच्या आधीच रडत होती. तिचं म्हणणं, हे तिघे एकदा एकटे गायला शिकले की परत कशाला येतील? मी म्हटलं, "बघू तरी." माझ्या पिशवीत दुसरी लाइटस्टिक होती, तुझी. ती मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि कोणी बसायला आलं की म्हणायचे, येतंय कोणीतरी.

आता गाण्याचं सांगते.

पडदा काळा होता. वाद्यं नाहीत, काही नाही. आणि त्या काळोखात पहिला आवाज आला तो मुखदुर्बळचा. वहिनी, गाण्याची सुरुवातच त्याची आहे. शेवटी उभं राहून चार शब्द म्हणणारा नाही, सगळ्यांच्या आधी, एकटा, अख्खं कडवं. त्याचा आवाज आपण कधी धड ऐकलाच नव्हता. खालचा आहे, जरा खरखरीत, ओट्याशी उभं राहून कोणी आपल्याशी बोलावं तसा. मला भाषा कळत नाही, पण तो काहीतरी खूप दिवस मनात ठेवलेलं सांगतोय एवढं कळलं. मी रडले. लपवून वगैरे नाही, चांगली नाक पुसत रडले. तू असतीस तर तुझ्याकडे बघून मला स्वतःचं रडणं थांबवावं लागलं असतं.

पुढे फजिती झाली ती ऐक. लॅम्पलाइटच्या गाण्यांत मधे वाद्यं थांबतात आणि चाहते सातांची नावं ओळीने ओरडतात, हे तुला माहीत आहेच. यातही तशी जागा आहे. वाद्यं थांबली. पोरांनी तिघांची नावं घेतली आणि गप्प झाली. पण जागा संपेना. गाणं थांबलेलंच. आणि माझ्या तोंडून सवयीने, आपण घरात ओरडायचो तसं, मोठ्याने निघालं, "शेंडेफळ!"

अख्ख्या मजल्यावर मी एकटी. सगळ्या माना माझ्याकडे. मग हशा. मी जमिनीत जागा शोधत होते. पण ती आधी रडत होती ना, तिने विचारलं, "मावशी, शेंडेफळ म्हणजे आपला धाकटा?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मग बाकीचे तिघे पण राहिले की." तिने गाणं परत लावायला लावलं. त्या जागेपाशी आलो तेव्हा सगळ्यांनी सातही नावं घेतली, आणि जागा बरोबर भरली. ती मुद्दाम ठेवली होती की आम्हीच भरली, कोण जाणे.

शेवटी चित्रीकरणाच्या वेळची फीत दाखवली. मुखदुर्बळ गातोय आणि कॅमेऱ्याच्या मागे माझं शेंडेफळ त्याचा कोट हातात धरून उभं आहे. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, तो आपला आला होता. बाकीचेही होते, एक तर खुर्चीत झोपला होता. वेगळी चूल मांडली खरी, पण विस्तव घरातलाच नेला होता.

घरी आले तर आईने विचारलं, फुटले का? मी म्हटलं, नाही फुटले. ती म्हणाली, "बरं झालं बाई."

तुझी

१५ एप्रिल

वहिनी,

आजचं पत्र बातमीसाठी नाही. तू ओळखलंच असशील की आधीचीही नव्हती.

डबे आले. मी ते शिलाई मशीनवर एकावर एक ठेवलेत. दादा सकाळी बटण लावून घ्यायला आला. दोरा ओवून होईपर्यंत तो डब्यांकडे बघत होता.

"दोन?"

"दोन."

"दुसरा कोणाचा?"

"तिचा."

मी बटण लावलं. दोरा तोडला. शर्ट त्याच्या हातात दिला तरी तो हलेना.

"तो गप्प पोरगा आहे ना यात?"

"आहे."

"मग पाठव की. तिथे तिला कोण आणून देणार?" दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "मी विचारलं म्हणून लिहू नकोस."

म्हणून लिहितेय. तू परत यावंस म्हणून नाही. तो दाढी करताना लॅम्पलाइटचं गाणं गुणगुणतो आणि त्याला पत्ताच नसतो आपण काय गुणगुणतोय त्याचा. माणूस वाईट नाही. पण वाईट नसलेल्या माणसाबरोबरही गुदमरायला होतं, हे मी रोज समोर बसून बघितलंय. तू गेलीस ते बरोबरच केलंस. हे तुला या घरातल्या कोणीतरी सांगायला हवं होतं, तर मी सांगते.

आता माझं. तुझं आणि दादाचं मोडलं. पण आपलं कोणी मोडलं? मी नाही. दादाची बायको म्हणून तू या घरात आलीस हे खरं, पण मी तापाने फणफणले होते तेव्हा माझ्या उशाशी बसून मला सातांच्या भांडणांची खोटी गोष्ट रचून सांगितलीस, ती काही दादाची बायको म्हणून नव्हे. बायकोपणाचे कागद झाले, ठीक. या दुसऱ्या नात्याचे कुठे झाले? मला घर सुनं वाटतं. आईलाही वाटतं, ती बोलत नाही, पण परवा विचारत होती, लॅबमध्ये तिला डबा खायला कोणी सोबत असतं का.

तुझा डबा सोबत पाठवतेय. उघडलेला नाही. तू उघड, मुखदुर्बळ निघाला तर तुझाच, नाही निघाला तर मला कळव, मी माझा उघडते. आणि जर तू आपलंही मोडलं असशील, तर तसं कळव. मी समजून घेईन. लगेच नाही, पण घेईन.

तुझी

२९ एप्रिल

वहिनी,

डबा परत आला.

तसाच, वरच्या प्लॅस्टिकसकट. बाहेरच्या कागदावर तुझ्या अक्षरात आमचा पत्ता. चिठ्ठी नाही. मी कागद उलटा केला, झटकला, उजेडात धरून बघितला. दुकानात दिवसभर लोकांना 'हे वाचता येतंय का' विचारते, आणि घरी कोऱ्या कागदावर काही दिसतंय का ते शोधत बसले.

ठीक आहे. मी कळव म्हटलं, तू कळवलंस. निदान दोन शब्द तरी लिहायचे होतेस. गप्प राहून सांगायची रीत आमच्या घरात पुरेशी होती, ती तू उचलशील असं वाटलं नव्हतं.

मी रागावलेली नाही, असं लिहिणार होते, पण रागावलेली आहे. आईला सांगितलं नाही. दादाने मशीनवर पुन्हा दोन डबे बघितले आणि तो पुन्हा तुटलेलं बटण लावून न घेताच कामावर गेला.

यापुढे पत्र टाकणार नाही. तुझी काडी तुला हवी असली तर तुझ्या सरांच्या कोणा माणसाकडून मागवून घे.

तुझी, म्हणजे जी काही असेन ती

३ मे

वन्सं,

कसलं ग रागावणं? डबा परत पाठवला कारण तो एकटीने उघडायचा नाही. नियम तुझा. मला वाटलं, डबा बघितलास की कळेल. एवढे बारीक स्क्रू बसवणाऱ्या बाईला एवढं मोठं कळू नये?

चिठ्ठी लिहायला बसले होते. लिहिली, फाडली, लिहिली, फाडली. मेणात दात रचायचे तर एकेक बरोबर बसतो, आणि इथे चार ओळी जुळेनात. सरांचा माणूस टपालात द्यायला निघाला, म्हणून नुसताच डबा त्याच्या हातात दिला. चुकलं माझं.

उत्तर का दिलं नाही ते सांगते. मला भीती वाटली. तुला हो म्हटलं की तुझ्यामागून आई येणार, आईंमागून तो येणार, आणि मी पुन्हा त्या टेबलावर बसणार. म्हणून सगळंच बंद केलं. तुझी पत्रं मात्र मेणाच्या ड्रॉवरमध्ये आहेत. सरांनी विचारलं, कुठल्या रुग्णाची एवढी तक्रार आहे? मी म्हटलं, जुनी आहे, बसतच नाही.

नंबर अजून उघडत नाही. पत्रं बरी वाटतात. त्या घरी मी येणार नाही, ते मला जमायचं नाही. आईंना सांग, सरांच्या पत्नी रोज माझ्यासोबत जेवतात. त्यालाही सांग, बटण लावून घे म्हणावं.

पण तू ये. या रविवारी. लॅबला सुट्टी असते, वरची खोली माझी आहे, खिडकीत दोन खुर्च्या आहेत. दोन्ही डबे आण, दोन्ही काड्या आण. मला काय हाक मारायची ते येताना वाटेत ठरव. नाहीच ठरलं तर आहे तेच राहू दे, मला त्याची सवय आहे.

आणि आता तुझ्यावर दंड. मी गाणं अजून ऐकलेलं नाही. कलम माझं आहे, मी पाळणार. लॅबमधली पोरं फोनवर लावतात तेव्हा मी प्लास्टर घासायचं मशीन चालू करते. सरांना वाटतं, मला कामाचा उरक आला. तुझं दोन एप्रिलचं पत्र 'आता गाण्याचं सांगते' इथपर्यंत वाचलं आणि तिथेच घडी घातली. खाली काय लिहिलंयस ते मला माहीत नाही. तू मात्र माझ्याशिवाय ऐकून मोकळी झालीस, तर चहा तू करायचास.

वन्सं, गप्प माणूस कधी बोलेल याची वाट बघण्यात माझी वर्षं गेली, हे तू समोर बसून बघितलंयस. एकाने जरी तोंड उघडलं असेल, तरी ते मला एकटीने ऐकायचं नाहीये. नसेल उघडलं, तरी एकटीने ऐकायचं नाहीये.

त्याला किती ओळी मिळाल्या, कुठे मिळाल्या, मिळाल्या की नाही, काही सांगू नकोस. गाणं लाव आणि माझ्या शेजारी बस, समोर नको. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं.

तुझी वहिनी